एक मूठ त्सा

“सर, जाताना इथं काही ठेवून जाणार, की सगळं बरोबरच नेणार?”

हा प्रश्न मी जिल्ह्याच्या सगळ्यात मोठ्या साहेबांना विचारला. भर सभेत, माइकवर. विचारायला लावणाऱ्या दोघी, कुन्झेस आणि यांगडोल, तिसऱ्या रांगेत एकाच शालीत तोंड खुपसून बसल्या होत्या. पैज अशी होती की मी विचारलं तर वर्गातली बुखारी अख्खा हिवाळा माझ्या पाळीला त्या दोघी पेटवतील. बुखारी म्हणजे इथली लोखंडी शेगडी. गोठलेल्या बोटांनी ती पेटवणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. म्हणून मी विचारलं.

साहेबांना वाटलं, मी विकासाबद्दल बोलतेय. “अवश्य,” ते म्हणाले. “या गावाला आम्ही खूप काही देऊन जाणार आहोत.”

“मग तिकडं, सर,” मी म्हणाले आणि उद्घाटनाला सजवलेल्या नव्या संडासाकडं हात केला.

 पुढच्या रांगेतल्या एका आजोबांना हसू आवरेना, आणि त्यांच्यामागोमाग सगळं स्क्यूरलिंग गाव हसलं. वरची वस्ती हसली, खालची वस्ती हसली. साहेबांचे कान टोमॅटोसारखे झाले. पण माणूस चांगला. उठले, आत गेले, दहा मिनिटांनी बाहेर आले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे पप्पा मात्र माझ्याकडं बघत नव्हते.

वर्षापूर्वी मी असं काही विचारलं नसतं. मी उर्वी घरत, गाव उरण, इयत्ता दहावी. आम्ही आगरी. आजोबांपर्यंत सगळे मिठागरात राबले. पप्पा जिवाणूंचे शास्त्रज्ञ झाले, आई नर्स झाली, आणि दोघांनी मिळून लडाखमधलं चौदा हजार फुटांवरचं हे गाव मागून घेतलं. उरणच्या शाळेत मी तोंडच उघडायचे नाही, कारण उघडलं की घरातली बोली बाहेर पडायची. ‘चांगला’ला ‘सांगला’. ‘पाच’ला ‘पास’. बाई हातावर पट्टी मारून म्हणायच्या, “स नाही, च. जीभ दातांवर आपट.” सातवीपर्यंत ती पट्टी खाल्ली. इथं आल्यावर मात्र कळलं की इथं कुणालाच माझी जुनी जीभ माहीत नाही. मग जी सुटले ती सुटलेच.

आता संडासाबद्दल. त्याच्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही.

इथला जुना संडास दोन मजली. वर मातीचा ढीग, एक फावडं आणि जमिनीला भोक. काम झालं की माती आणि चुलीतली राख खाली लोटायची. पाणी नाही, वास नाही. वसंतात खालचं दार उघडून खत शेतात न्यायचं. पिढ्यानपिढ्या हे बिनबोभाट चाललं. मग हॉटेलं आली, पाण्याचे संडास आले, आणि ज्या हिमनदीचं पाणी त्यात ओतायचं तीच आटत गेली. पाइप गोठून फुटले. घाण उन्हाळ्यात ओढ्यात उतरली आणि लागोपाठ दोन वर्षं काविळीची साथ आली. जुन्या संडासांवर भार वाढला. थंडीत काहीच कुजत नाही. पडलं की गोठतं, थरावर थर चढत सुळका होतो, आणि जानेवारीत तो भोकापर्यंत येतो. मग कुणीतरी खाली जाऊन तो पहारीनं फोडायचा. इथं सगळ्यात वाईट शिवी म्हणजे ‘तुझ्या वाट्याला सुळका येवो’.

पप्पांच्या संस्थेला एका तळ्याच्या तळाशी, बर्फाखालच्या चिखलात, एक जिवाणू सापडला. सगळं गोठतं तेव्हा हा जागा असतो. कुजणं म्हणजे सावकाश जळणं, असं पप्पा सांगतात. लाकूड तासात जळतं, शेण महिन्यात, पण उष्णता दोन्हीत असते. या जिवाणूवर त्यांनी सहा वर्षं काम करून तो असा घडवला की तो कडाक्याच्या थंडीत मैला कुजवतो आणि पुरेसा दाबून ठेवला तर पंचावन्न अंशांपर्यंत तापतो. संडासाखाली दुहेरी भिंतीची टाकी बांधायची, दोन भिंतींमध्ये लोकर आणि भुसा ठासायचा, आणि दह्याला लावतात तसं विरजण लावायचं. पप्पा टाकीला कणगी म्हणत. गावानंही तेच नाव उचललं. कणगीतून एक नळी घरात फिरते, एक भाजी पिकवायच्या काचघरात. बाहेर उणे अठ्ठावीस आणि आत भिंतीला पाठ टेकली तर घाम. जानेवारीत पालक.

नियम दोनच. राख टाकायची नाही, तिच्या क्षारानं विरजण मरतं. आणि प्रत्येक वेळी माती टाकायची, पण फावडं नको, मूठभर पुरे, म्हणजे आत हवा खेळती राहते.

पुढं जे झालं ते पप्पांच्या अहवालात नाही. लोक बाहेर जायचे थांबले. पोरं मधल्या सुट्टीत पोट धरून घराकडं पळत, कारण शाळेत केलं तर ऊब शाळेला. पाहुणा उठला की यजमान म्हणे, “चहा झाला, आता तेवढं उरकूनच जा.” जावयाला आठवडाभर ठेवून घेत. खालच्या वस्तीला लागून रस्त्याच्या मजुरांची छावणी होती. खालच्यांनी त्यांना चहाला बोलवायला सुरुवात केली. वरची वस्ती पुलापलीकडं, चढावर. तिथं कोण येणार?

“तुमच्याकडं पाहुणे, आमच्याकडं फक्त आबी-ले,” यांगडोल म्हणायची. आबी-ले म्हणजे तिची आजी. यांगडोल वरची, कुन्झेस खालची. तेव्हा हे आम्ही हसत बोलायचो.

डिसेंबरात पुलाची वाट बर्फानं बंद व्हायला लागली. खालच्या वस्तीत कुन्झेसचे वडील, चोस्पेल आजांग, घरोघर जाऊन मूठ कशी टाकायची ते दाखवत. आजांग म्हणजे मामा, सगळ्यांनाच म्हणतात. कणग्यांची देखभाल त्यांच्याकडं होती. वर रोज जाणं शक्य नव्हतं. पप्पांनी युक्ती काढली. वरच्या एकतीस संडासांत छोटे भोंगे बसवायचे, माणूस बसला की भोंगा बोलेल.

“लडाखी आवाज हवा,” पप्पा म्हणाले. “कुन्झेसला विचारू?”

“मी बोलते,” मी म्हणाले. मला आता थोडंफार येत होतं की.

कुन्झेसनं नमस्कारापासून अख्खं वाक्य सांगितलं. “जुले. राख नको. एक मूठ सा टाका.”

“सा?”

“सा. माती.”

मी मनात हसले. मला वाटलं, हिची पण जीभ आमच्यासारखीच घसरते. बाई नाहीत इथं पट्टी मारायला. घरी येऊन मी जीभ दातांवर आपटली आणि खणखणीत बोलले. “जुले. राख नको. एक मूठ त्सा टाका.” ‘चाका’तला च. दहा वेळा ऐकलं. इतकं सुंदर मी आयुष्यात काही बोलले नव्हते. एकतीस घरांत मी दिवसातून कितीदा तरी बोलणार होते.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वरच्या चार कणग्या थंड पडल्या. मग नऊ. मग सगळ्या. नळ्या गोठून उभ्या चिरल्या. काचघरांतली रोपं एका दुपारी काळी पडली. जुन्या शेगड्या लोकांनी काढून टाकल्या होत्या, शेणी साठवल्या नव्हत्या. पप्पांच्या संगणकावर फक्त तापमान दिसत होतं, आणि ते उतरत होतं.

वरची माणसं बादल्या घेऊन खाली आली. यांगडोलचा मामा तुंडुप पुढं होता. “तुमच्यातलं गरम विरजण द्या.”

चोस्पेल आजांगनी हात जोडले. “घरतसाहेबांनी मना केलंय. वर कशानं मेलं ते कळेपर्यंत इथलं उघडायचं नाही. रोग असला तर सगळंच जाईल.”

“रोग तुम्हाला कसा होत नाही?” तुंडुपनं विचारलं आणि रिकामी बादली त्यांच्या तोंडावर फेकली. बादलीची कड भुवईवर बसली. रक्त डोळ्यात उतरलं तरी चोस्पेल आजांग हात जोडूनच उभे होते. मग मागून कुणीतरी दगड मारला आणि वरच्यांनी खालचं पहिलं काचघर फोडलं.

दुसऱ्या दिवशी दहावीच्या हिवाळी वर्गात कुन्झेसनं डबा उघडला. पालक होता.

“आमच्या उबेवर उगवलेला,” यांगडोल म्हणाली.

“तुमची ऊब तुम्हीच घालवलीत. नीट बसता येत नसेल.”

यांगडोलनं बुखारीतून लाल चिमटा काढला आणि कुन्झेसच्या मनगटावर दाबला. वास आला, मग किंकाळी. कुन्झेसनं तिची वेणी धरून डोकं बाकावर आपटलं, एकदा, दोनदा. मी मध्ये घुसले. कुणाचं कोपर लागलं ठाऊक नाही, पण माझ्या नाकात काहीतरी काडीसारखं मोडलं. बुखारी उलटली होती. माझ्या पाळीची. आम्ही तिघी राखेत पडलो होतो आणि अजून कुणी कुणाला सोडत नव्हतं.

त्याच दुपारी पप्पांनी चोस्पेल आजांगना वर पाठवलं. लांब सळईनं प्रत्येक कणगीचं तापमान बघायचं आणि ताज्या विरजणाची पुडी सोडायची. पुडीत पांढरी भुकटी असते. वरच्यांनी खिडक्यांतून पाहिलं. खालचा माणूस घराघराच्या कणगीत सळई खुपसतोय आणि पांढरं काहीतरी ओततोय. त्या दिवशी थंडी आणखी उतरली आणि एकही कणगी उठली नाही.

दुसऱ्या सकाळी पुन्हा तापमान बघायला गेलेल्या चोस्पेल आजांगना वरच्यांनी धरल्याचा निरोप आला तेव्हा अकरा वाजले होते. पप्पा, आई आणि मी पूल ओलांडून धावलो. चौदा हजार फुटांवर धावणं म्हणजे पाण्याखाली धावणं. वरच्या वस्तीच्या चौकात याक बांधायचा लोखंडी खुंट आहे. त्याला चोस्पेल आजांगना बांधलं होतं. हातमोजे काढून हात उघडे ठेवले होते आणि बोटं लोखंडाला टेकवून दोरी आवळली होती.

“याच हातांनी टाकलंस ना,” तुंडुप म्हणत होता. “याच हातांनी.”

“ती औषधाची पुडी होती,” पप्पा ओरडले. “मी दिली होती.”

“मग तुम्हीपण खालचेच.”

तुंडुपच्या हातात सुळका फोडायची पहार होती. त्यानं ती उचलून चोस्पेल आजांगच्या गुडघ्यावर घातली. तो आवाज मी सांगणार नाही. पप्पा मध्ये पडले, त्यांच्या पाठीत दगड बसला. माझ्या आईनं मात्र काही न बोलता कात्री काढली आणि जमावातून सरळ चालत जाऊन दोरी कापली. तिला कुणी हात लावला नाही. गेल्या वर्षात वरच्या वस्तीत झालेलं प्रत्येक बाळ तिच्याच हातांवर आलं होतं. बोटं लोखंडावरून सोडवताना कातडी तिथंच राहिली.

पप्पा आणि दोन म्हातारे चोस्पेल आजांगना घोंगडीत घालून खाली घेऊन गेले. आई निघेना.

“आबी-लेंची छाती भरलीय, असा काल निरोप होता. बघून जाते.”

“आई, आत्ता?”

“आत्ता नाही तर कवा? बॅग घे.”

आबी-ले याकच्या कातड्याखाली मुटकुळं करून पडल्या होत्या. श्वास घरघरत होता. यांगडोल उशाशी होती. कपाळावर कालची खोक. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. आईनं सुई दिली. तेवढ्यात आबी-लेंना जायचं होतं. मी त्यांना धरून संडासात नेलं.

त्या टेकल्या आणि छतातून माझा आवाज आला. गोड, खणखणीत. “जुले. राख नको. एक मूठ त्सा टाका.”

आबी-लेंनी कोपऱ्यातल्या पोत्यात हात घातला. माती नव्हती. पांढरं होतं. त्यांनी मूठ भरली, भोकात टाकली, मग दुसरीही भरली.

“मी दोन टाकते,” त्या धापा टाकत मला म्हणाल्या. हिंदीत, मला कळावं म्हणून. “तुझा आवाज एवढा लाघवी. शेजारची चिक्कू आहे, अर्धीच टाकते. मी कधी चुकवली नाही, नोमो.”

नोमो म्हणजे धाकटी बहीण. मी पोत्यात बोट बुडवून जिभेला लावलं. चव ओळखायला मला वेळ लागला नाही. घरत आहे मी.

“यांगडोल,” मी बाहेर येऊन विचारलं, “त्सा म्हणजे काय?”

“मीठ,” ती म्हणाली. “का?”

“तुम्हाला विचित्र नाही वाटलं?”

“वाटलं. हसलो आम्ही. मग मामा म्हणाला, मिठानं बर्फ वितळतो, म्हणजे बरोबरच असेल. आमच्या चहात मीठ, तुमच्या मशीनमध्ये मीठ.” ती पहिल्यांदा माझ्याकडं बघत होती. “का विचारतेस?”

उरणला आमच्या अंगणात मावशी मासळी खारवते. मीठ चोळलं की माशातलं पाणी निघून जातं, आणि पाण्याबरोबर कुजवणारे जीवही सुकून मरतात. म्हणून वर्षभर टिकते. दीड महिना मी एकतीस घरांना मैला खारवायला सांगत होते, आणि ते मनोभावे खारवत होते.

“काही नाही,” मी म्हणाले.

हे ‘काही नाही’ माझं. बाकी सगळं चुकीनं झालं, हे नाही. आई बॅग आवरत होती, चौकात माणसं होती, खुंटावर चोस्पेल आजांगची कातडी होती. मी विचार केला, उद्या सांगू. पप्पांना सांगू, ते काहीतरी करतील. घरी पप्पांच्या पाठीवर दगडाचा काळानिळा वण बघितला आणि पप्पांनाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी खालची वस्ती पुलावर चढली. प्रत्येकाच्या हातात पहार. वरच्यांनी पलीकडून गोफणी फिरवल्या. इथली पोरं याक वळवायला लहानपणापासून गोफण मारतात, त्यांचा नेम चुकत नाही. पहिल्या फैरीत तिघं पडले. मग खालच्यांनीही गोफणी काढल्या. कुन्झेसच्या हातात होती, चटका बसलेल्या मनगटावर पट्टी तशीच. मी तिच्या मागं दहा पावलांवर होते.

“कुन्झेस, थांब. मला सांगायचंय.”

“माझ्या वडलांची तीन बोटं कापावी लागणार आहेत,” ती वळून न बघता म्हणाली. “तुझ्या आईनं सांगितलं आत्ता. तुला आणखी काय सांगायचंय?”

गोफण तिच्या डोक्यावर दोनदा फिरली. पलीकडं यांगडोल मामाला मागं ओढत होती. दगड तिच्या कानावर बसला. ती पडली नाही लगेच. आधी कानावर हात ठेवला, जणू नीट ऐकू येत नाहीये, मग गुडघ्यांवर बसली आणि बर्फ लाल होत गेला. तुंडुपनं ते बघितलं. त्यानंतर पुलाचा काही उपयोग राहिला नाही. वरचे खाली घुसले. पहारींनी पहारी अडवल्या, हात मोडले, तुंडुपचा जबडा कुणीतरी वाकवून टाकला. ज्याला माणूस सापडला नाही त्यानं कणगी फोडली. भिंत फुटली की आतला गरम लगदा वाफा टाकत गल्लीतून ओढ्यासारखा यायचा. माणसं त्यात घसरत होती, घसरलेल्यांना मारत होती, मारणाराही घसरत होता. थोड्या वेळानं वरचा कोण आणि खालचा कोण हे ओळखू येईना. सगळे एकाच रंगाचे. तासाभरात अकरा कणग्या गेल्या. तासाभरानं तो लगदा गोठला, आणि आई लोकांचे कपडे त्यातून कुऱ्हाडीनं तोडून काढत होती.

तिच्या शेजारी बसून मी आई-पप्पांना मिठाचं सांगितलं. पट्ट्या गुंडाळता गुंडाळता. आईचा हात थांबला. पप्पा उठले आणि पाठ धरून बाहेर गेले.

ते वरच्या एका कणगीतला तुकडा घेऊन आले. वितळवला, गाळला आणि आमच्या कढईत आटवायला ठेवला. पाणी संपत आलं तसे तळाशी चौकोनी पांढरे कण धरायला लागले. मिठागराच्या कोंडीत चैत्रात धरतात तसेच. पप्पांनी कढई खाली उतरवली.

“माझ्या बापानं आयुष्य घातलं हे पिकवण्यात,” ते म्हणाले. “आणि मला तपासायचं सुचलं नाही.”

गावानं रविवारी दुपारी सभा बोलावली. सभेत एकच विषय, चोस्पेलच्या घराचं आग-पाणी तोडायचं. इथला हा जुना दंड आहे. त्या घराला कुणी विस्तव द्यायचा नाही, पाणी द्यायचं नाही, सुतकात खांदा द्यायचा नाही. आता विस्तव म्हणजे ऊब, म्हणजे कणगीची नळीपण तोडायची. गंमत म्हणजे खालच्यांचाही होकार होता. अकरा कणग्या गेल्यावर त्यांनाही कुणीतरी हवं होतं. तीन बोटं गेलेला, गुडघा फुटलेला माणूस, त्याची बायको आणि कुन्झेस, उणे अठ्ठावीसमध्ये, जानेवारीत.

आणि रविवारी सकाळी दहाला हेलिकॉप्टर येणार होतं. मोजक्याच जागा, सगळ्यात गंभीर जखमींना न्यायला, आणि आम्हाला.

शनिवारी दुपारी पप्पांनी अहवाल लिहून संपवला. आई चादरी घडी करत होती. मी वाचला.

“‘विरजणाचा वाण या उंचीवर टिकाव धरत नाही,’” मी मोठ्यानं वाचलं. “हे खोटं आहे, पप्पा.”

“त्यात चोस्पेलचं नाव नाही. कुणाचंच नाही. दोष जिवाणूचा. जिवाणूला कुणी खुंटाला बांधत नाही.”

“आणि मग?”

“मग प्रकल्प बंद. लोक पुन्हा शेणीवर जातील. जगतील.”

“शेणी कुठायत? आबी-ले फेब्रुवारी बघणार नाहीत.” मी अहवाल खाली ठेवला. “आणि सभेत हा कागद कोण वाचणार? ते म्हणतील, साहेब पळाला, चोस्पेल उरला.”

“त्यांनी त्याचं काय केलं ते बघितलंस ना तू?” पप्पांचा आवाज चढला. “एका संशयावर. तू तर खरंच... बाय, तू पंधरा वर्षांची आहेस. मला तुझी दहा बोटं पाहिजेत.”

 आईनं माझी चादर उचलली. तिची घडी जमेना.

खरं सांगते, मी घाबरले होते. नाकात बोळा होता आणि मी तोंडानं श्वास घेत होते. पण साहेबांना माइकवर विचारलं तेव्हाही मी अशीच घाबरले होते. आणि आत्ता तर मला कुणी पैजही घातली नव्हती.

“मी ठरवलंय,” मी म्हणाले. “तुम्हाला विचारत नाहीये, सांगतेय. संगणकावरून भोंगे चालतात ना अजून? मघाशी तुम्ही झोपला होता तेव्हा मी नवं बोलून घातलंय. ‘जुले. मी उर्वी. त्सा नाही, सा. मीठ मी सांगितलं. चोस्पेल आजांगनी नाही.’ पावणेदोनपासून वाजतंय. आत्तापर्यंत निम्म्या वस्तीनं ऐकलं असेल.”

पप्पांनी संगणकाकडं बघितलं, मग दाराकडं.

“उद्या दुपारी मी सभेत जाणार. तिथं हेच परत सांगणार, तोंडानं. मग पहार मागणार. वरचे एकतीस खारट सुळके कुणीतरी फोडून बाहेर काढले, खाली धड राहिलेल्या कणग्यांतलं विरजण वर नेलं आणि मूठमूठ माती टाकली, तर महिन्याभरात ऊब धरते. हे तुमच्याच वहीत आहे, पप्पा, मी वाचलंय. खालचे विरजण देतील, पण रोग नव्हता हे कळल्यावरच. सुळके मी फोडणार. कुन्झेस माझ्याशी बोलली तरी आणि नाही बोलली तरी. यांगडोलला माझं ऐकू आलं तरी आणि नाही आलं तरी.”

“आणि हेलिकॉप्टर?” आईनं विचारलं. 

“माझी जागा यांगडोलला द्या. तिच्या कानाला डॉक्टर लागेल.”

बाहेर पुलाच्या बाजूनं माणसांचे आवाज यायला लागले होते. पुष्कळ माणसांचे. आईनं चादर पलंगावर टाकली, कपाटातून तिची कात्री काढली आणि येऊन माझ्या शेजारी उभी राहिली.

“तुम्ही गेलात तरी चालेल,” मी पप्पांना म्हणाले. “मी राहणार. जाताना मी इथं मीठ ठेवून जाणार नाही.”